तळपायाची चामखीळ आणि घरचा उपचार

तळपायाची चामखीळ विषाणूमुळे होते. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे 200 हून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांतले 1, 2, 4, 27 आणि 57 या क्रमांकांचे प्रकार तळव्यावर अधिक सापडतात. बारीक चीर, टाचेची भेग किंवा पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी एवढी वाट विषाणूला पुरते. तो बाह्यत्वचेच्या पेशींत ठाण मांडतो. गाठ दिसू लागेपर्यंत काही आठवडे, कधी बरेच महिने जातात, त्यामुळे ‘हे आलं कुठून?’ या प्रश्नाला दवाखान्यात खात्रीचे उत्तर क्वचितच मिळते. चामखीळ लागट असते हा फार जुना अनुभव. त्यामागचे कारण जिवाणूपेक्षाही सूक्ष्म आहे, हे मात्र जुझेप्पे च्युफो या इटालियन डॉक्टरने 1907 साली दाखवले. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून चामखिळीचा अर्क गाळून त्याने तो माणसाच्या त्वचेत टोचला, आणि तिथे चामखीळ उगवली.

हातावरची चामखीळ वर वाढते आणि सहज दिसते. तळव्यावरची शरीराच्या वजनाखाली आत दाबली जाते आणि तिच्यावर जाड कातडी चढते. टाच, चवड्याचा फुगीर भाग आणि अंगठ्याचा खालचा भाग या तिच्या नेहमीच्या जागा. चपलेत खडा अडकल्यासारखे वाटते, असे रोगी सांगतात. आणि यातले बरेच जण दवाखान्यात येतात ते ‘कुरूप झालंय’ असे म्हणतच.

त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षे काढलेल्या डॉक्टरला या वाक्यावर विश्वास न ठेवण्याची सवय लागते. कुरूप, म्हणजे भोवरी, घर्षणाने आणि दाबाने होते. त्यात विषाणू नसतो, चप्पल बदलली की ते कमी होते आणि घरात दुसऱ्याला होत नाही. दोघांतला फरक पाहायला यंत्र लागत नाही. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. कुरुपावरून त्या सलग जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. वरची कातडी थोडी खरवडली तर चामखिळीत काळे-तपकिरी ठिपके दिसतात. घरोघरी त्यांना ‘मूळ’ किंवा ‘बी’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या रक्त गोठलेल्या केशवाहिन्या असतात. तिसरी खूण दुखण्याची. कुरूप वरून सरळ दाबले की कळ येते. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते. या तिन्ही खुणा एकत्र पाहिल्या तर चूक कमी होते. तरीही होते. शेतात अनवाणी वावरणाऱ्या एका माणसाच्या तळव्यावरची गाठ चामखीळ म्हणून बराच काळ औषध खात राहिली. शेवटी ती कापल्यावर आत बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक निघाले. ग्रामीण भागात असा काटा विसरता कामा नये.

‘मूळ’ या समजुतीने सर्वाधिक नुकसान केले आहे. मूळ असेल तर ते उपटायला हवे, म्हणून ब्लेड, नेलकटर, सुई, कधी शिवणकामाची कात्री पुढे येते. चामखिळीला मूळ नसते. ती बाह्यत्वचेतच असते, खाली कितीही खोल गेल्यासारखी वाटली तरी. खोल कोरणाऱ्याच्या हाती रक्त आणि जखम लागते, विषाणू कडेच्या पेशींत राहतोच, आणि एका चामखिळीभोवती चार नवी पिल्ले दिसू लागतात.

दुसरा पारंपरिक मार्ग बिब्ब्याचा. दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचे तेल भेगांना आणि कुरुपाला लावण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि आजीच्या हातचा तो चटका ज्यांना लाभला ते त्याची तरफदारीही करतात. या तेलातील द्रव्ये कातडी जाळतात, आणि ज्यांना त्यांची अ‍ॅलर्जी असते त्यांच्या अंगावर बिब्बा उततो: पाऊल सुजते, पाण्याचे फोड येतात, पुरळ घोट्याच्या वर चढते. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावलेला लेप असाच. तो चामखिळीइतकाच भोवतालच्या निरोगी कातडीलाही जाळतो. रुईचा चीक तर घरात नकोच, त्याचा हात डोळ्याला लागला तर इजा गंभीर होते. या उपायांनी कुणाचीच चामखीळ गेली नाही असे म्हणता येणार नाही. काहींची गेली. पण जळलेला तळवा घेऊन आलेल्या माणसाला आधी जखम भरेपर्यंत थांबावे लागते आणि चामखिळीचा खरा उपचार त्यानंतर सुरू होतो.

घरी करण्याजोगा, पारखलेला उपाय सॅलिसिलिक आम्लाचा आहे. हे आम्ल मेलेल्या जाड कातडीचे थर सैल करते. थर निघतात तसा विषाणू असलेला भागही थोडा थोडा निघतो, आणि होणाऱ्या सौम्य दाहामुळे आजवर बेसावध राहिलेली रोगप्रतिकारशक्ती जागी होते असे मानले जाते. औषधाच्या दुकानात ते दोन रूपांत मिळते. एक म्हणजे छोट्या बाटलीतले द्रावण, ज्यात सुमारे 17 टक्के सॅलिसिलिक आम्ल आणि बहुधा लॅक्टिक आम्ल कोलोडियनमध्ये मिसळलेले असते; लावल्यावर त्याचा पातळ पापुद्रा होतो. दुसरे म्हणजे 40 टक्क्यांची पट्टी, जिला दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही कॉर्न कॅप म्हणतात. पट्टी सोयीची, पण तिची मधली चकती चामखिळीपेक्षा मोठी असेल तर शेजारची कातडी पांढरी पडून सोलते. म्हणून चकती चामखिळीच्या मापाने कापून घ्यावी लागते, आणि हे सांगणारा दुकानदार सहसा भेटत नाही.

द्रावणाचा क्रम रात्रीचा बरा, कारण नंतर चालणे नसते. आधी पाय कोमट पाण्यात 5 ते 10 मिनिटे बुडवून ठेवावा. मग वजरीने किंवा नखे घासायच्या कानशीने चामखिळीवरचा पांढरा, मेलेला थर हलक्या हाताने काढावा. रक्त येईपर्यंत नाही, दुखेपर्यंतही नाही. पाय पुसून पूर्ण कोरडा करावा. भोवतालच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचे कडे द्यावे. मग द्रावणाचा एक थेंब चामखिळीवरच ठेवावा, वाळू द्यावा आणि वर साधी चिकटपट्टी लावावी. झाकल्याने औषध आत चांगले मुरते. सकाळी पट्टी काढावी, रात्री पुन्हा हेच. कातडी लाल होऊन आग होऊ लागली तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू करावे.

यात बारीक वाटणाऱ्या दोन गोष्टी वरचेवर नडतात. बाटलीचे झाकण सैल राहिले की द्रावणातला ईथर उडून जातो, औषध मधासारखे घट्ट होते आणि नीट पसरत नाही; रोगी मात्र ते तसेच लावत राहतो. शिवाय हे द्रावण पेट घेते. ते गॅसच्या शेगडीजवळ, निरांजनाशेजारी किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत उघडू नये. देवघराच्या कोनाड्यात औषधे ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, म्हणून हे वेगळे सांगावे लागते.

उपचार फसतो तो बहुतेकदा औषधामुळे नव्हे, थांबण्यामुळे. साधारण तिसऱ्या आठवड्यात दुखणे कमी होते. वरची जाडी गेलेली असते, खडा टोचल्याची भावना जाते आणि बाटली कपाटात जाते. चामखीळ मात्र तिथेच असते, फक्त चपटी झालेली. महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा वर येते आणि ‘औषधाचा काही उपयोग झाला नाही’ असा निकाल लागतो. शाळेच्या खो-खोच्या संघात खेळणाऱ्या एका मुलीच्या बाबतीत असे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेला औषध तेच ठेवून फक्त एक बदल केला गेला: लावण्याचे काम मुलीकडून काढून आजीकडे दिले. आजीने ते रात्रीच्या तेलपाण्याच्या वेळेशी जोडले, आणि तीन महिन्यांत तळव्यावरच्या रेषा सलग झाल्या. डॉक्टरच्या शिकवणुकीतले हे मोठे वळण असते. चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून देण्यापेक्षा घरातला कोणता माणूस ते रोज लावील हे विचारणे जास्त कामाचे ठरते, आणि पहिली खेप रोग्याच्याच पायावर करून दाखवली तर चुकीच्या जागी आम्ल पडण्याच्या तक्रारी एकदम कमी होतात.

मुदत 12 आठवड्यांची धरावी. बरी झाल्याची खूण म्हणजे वेदना जाणे नव्हे. काळे ठिपके दिसेनासे झाले आणि त्वचेच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सरळ गेल्या की चामखीळ गेली. उन्हाकडे तळवा धरून, शक्य तर भिंगातून, हे घरीही पाहता येते.

एवढे करूनही आकडे फार उत्साहाचे नाहीत, आणि ते रोग्यापासून लपवू नयेत. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 240 रोग्यांवर तळपायाच्या चामखिळीची एक चाचणी झाली. निम्म्यांनी घरी 50 टक्के सॅलिसिलिक आम्ल लावले, निम्म्यांची चामखीळ डॉक्टरांनी द्रव नायट्रोजनने गोठवली. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा 12 आठवड्यांनी पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत 14 टक्के होते. त्याआधीच्या वर्षी नेदरलँड्समध्ये 250 जणांच्या चाचणीत, तळव्याच्या चामखिळीपुरते पाहिले तर, 13 आठवड्यांनी गोठवण्याचा गट 30 टक्के, सॅलिसिलिक आम्लाचा 33 टक्के आणि काहीच न करणाऱ्यांचा 23 टक्के बरा झाला. हातावरच्या चामखिळीत मात्र गोठवणे स्पष्टपणे सरस ठरले. तळव्याची जाड कातडी हेच या फरकाचे कारण असावे.

या दोन चाचण्यांनी अनेक दवाखान्यांतली उठाठेव थोडी शांत केली. त्याआधी तळव्यावरची चामखीळ दिसली की गोठवावी किंवा भूल देऊन विजेने जाळावी असाच ओढा असे; रोग्यालाही काहीतरी ‘केल्याचे’ समाधान वाटे. विजेने जाळल्यावर तळव्यावर जो वण राहतो तो कधी कधी चामखिळीपेक्षा जास्त दुखतो, आणि तो जन्मभर राहतो. कथक शिकणाऱ्या एका तरुणीची चामखीळ अशीच जाळली गेली होती. चामखीळ गेली, पण ततकार करताना टाच आपटली की वणाची कळ मस्तकात जाते ही तिची तक्रार कायम राहिली. नर्तक, खेळाडू, दिवसभर उभे राहणारे दुकानातले कामगार आणि वाहतूक पोलीस यांच्या तळव्यावर चाकू किंवा वीज चालवण्यापूर्वी दहादा विचार करावा तो यासाठी.

काहीच न करता बरे झालेले 23 टक्के हा आकडा आणखी एका कोड्याचा उलगडा करतो. मुलांमधल्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांच्या आत आपोआप जातात, कारण शरीर शेवटी विषाणूला ओळखते. जाण्याच्या आधी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. नवस, दोरा, लसूण, केळीच्या सालीचा आतला भाग, सगळ्यांच्या नावावर काही विजय जमा आहेत ते असेच. होमिओपॅथीतला थूजा महाराष्ट्रात चामखिळीसाठी घरोघर घेतला जातो. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तळपायाच्या चामखिळीवर थूजासह होमिओपॅथीची औषधे आणि नुसत्या गोळ्या यांत फरक आढळला नाही. चिकट डक्ट टेपचा गवगवा 2002 मधल्या एका अमेरिकी अभ्यासाने झाला. नंतरच्या चाचण्यांत तो टिकला नाही. घरी गोठवण्याचे फवारे ऑनलाइन मिळतात. त्यांतला वायू उणे 57 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, तर दवाखान्यातला द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो. तळव्याच्या जाडीपुढे या फवाऱ्यांचा निभाव लागणे कठीण, आणि किंमत मात्र सॅलिसिलिकच्या बाटलीच्या अनेक पट.

मग लहान मुलाची न दुखणारी चामखीळ तशीच ठेवली तर? हरकत नाही. हा सल्ला आईवडिलांना पटवणे हेच अवघड काम असते. ‘डॉक्टरांनी काही दिलंच नाही’ म्हणून दुसऱ्या दारी गेलेली कुटुंबे प्रत्येक दवाखान्याने पाहिली आहेत. दुखत असेल, पसरत असेल किंवा खेळणे-चालणे अडत असेल तर मात्र उपचार करावेत.

घरात ती पसरू न देणे हा उपचाराचाच भाग आहे. या विषाणूला बाहेरचे मेदाचे आवरण नसते, त्यामुळे तो कोरडेपणात आणि पृष्ठभागावर बराच टिकतो. सर्वांत दुर्लक्षित वस्तू न्हाणीघरातली वजरी. एकाच वजरीने घरातले सगळे टाचा घासतात, आणि घासताना कातडीला पडणारे सूक्ष्म ओरखडे विषाणूला आयतीच वाट देतात. रोग्याची वजरी किंवा कानस वेगळी ठेवावी, तिने निरोगी भाग घासू नये आणि उपचार संपल्यावर ती फेकून द्यावी. पायपुसणे आणि स्लिपर वेगळे असावेत. पोहण्याच्या तलावावर, वसतिगृहाच्या न्हाणीत आणि जिममध्ये रबरी चप्पल घालावी. चामखीळ कुरतडणे, नखाने उचकटणे टाळावे. मुलांच्या बोटांवर, नखांच्या कडेला नव्या चामखिळी उठतात त्या बहुधा यामुळे.

अलीकडे एक नवी भीती दवाखान्यात येऊ लागली आहे. मोबाइलवर विषाणूचे नाव शोधले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती समोर येते आणि लेकीच्या तळव्यावरची गाठ दाखवणारी आई रडवेली होते. तो कर्करोग प्रामुख्याने 16 आणि 18 या प्रकारांशी जोडलेला आहे. तळव्यावरचे प्रकार वेगळे, त्यांच्यामुळे तो होत नाही. मुलींना द्यायची प्रतिबंधक लस वेगळ्या कारणासाठी आहे आणि ती जरूर द्यावी, पण तळपायाच्या चामखिळीशी तिचा संबंध जोडू नये.

घरच्या उपचाराला सीमा आहेत, आणि त्या ओलांडल्यावर होणारे नुकसान चामखिळीच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठे असते. मधुमेह असणाऱ्यांनी तळव्यावर सॅलिसिलिक आम्ल किंवा कॉर्न कॅप स्वतःहून लावू नये. दीर्घ मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि रक्तपुरवठाही. निवृत्तीनंतर रोज फिरायला जाणाऱ्या एका मधुमेही गृहस्थाने कुरूप समजून कॉर्न कॅप लावली आणि तशीच ठेवली. आग होत होती, ती कळलीच नाही. मोज्यावर डाग दिसला तेव्हा खाली जखम होती, आणि ती भरायला लागलेला काळ चामखिळीच्या कोणत्याही उपचारापेक्षा लांबला. पायाच्या रक्तवाहिन्यांचे विकार, कुष्ठरोगाने बधिर झालेले पाऊल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणे, गर्भारपण आणि दोन वर्षांखालचे मूल या सगळ्यांत आधी डॉक्टरला विचारावे. आणि तळव्याची ही बाटली चेहऱ्यावरच्या, मानेवरच्या किंवा जननेंद्रियावरच्या गाठीला कुणीही लावू नये.

12 आठवडे नेमाने करूनही फरक नसेल, किंवा लहान लहान चामखिळींचा एकच मोठा चट्टा झाला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली असे समजावे. त्यांच्याकडे गोठवण्याखेरीजही मार्ग आहेत. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस चामखिळीत टोचून प्रतिकारशक्तीला जागे करण्याची पद्धत भारतात बरीच वापरली जाते. रोग्याच्याच चामखिळीचा छोटा तुकडा त्याच्या त्वचेखाली रोवण्याची पद्धतही आहे. तिच्यात कधी कधी बाकीच्या सगळ्या चामखिळी एकदम झडतात. दोन्हींत यशाची हमी नाही, पण पसरलेल्या, हट्टी चामखिळीत त्या करून पाहण्यासारख्या आहेत.

चाळिशीनंतर तळव्यावर पहिल्यांदाच उठलेली एकटी गाठ, वाढत जाणारा आणि कडा वेड्यावाकड्या झालेला काळा डाग, आपोआप रक्त येणे, न भरणारी जखम, घाण वास येणारी फुगत जाणारी गाठ यांतले काहीही असेल तर बाटली उघडूच नये. भारतीयांमध्ये मेलॅनोमा हा कर्करोग विरळा आहे, पण होतो तेव्हा तळवा ही त्याची एक मुख्य जागा असते, आणि चामखीळ किंवा कुरूप समजून त्यावर महिनोन्‌महिने आम्ल लावत राहिल्याने निदान लांबते. अशा गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हे काम बहुधा स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होते. ते पुढे ढकलू नये.